वाकडा शिकंजा

सांगलीत लाकडाच्या वखारींच्या रांगेत, शेवटच्या वखारीच्या भिंतीला टेकून माझं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक बाक आणि खिळ्यांना टांगलेल्या करवती. प्रत्येकीच्या मुठीला सुतळीनं बांधलेली गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. गेली बावीस वर्षं मी लोकांच्या करवतींना धार लावतो आहे. या धंद्यावर चार पानं लिहावीत असं मला कधी वाटलं नव्हतं. लिहायला बसलो तो एका माणसामुळे. पण एकदम त्याच्यापाशी यायचं धाडस होत नाही, म्हणून आधी थोडं धंद्याचं सांगतो.

करवतीची धार सुरीसारखी नसते. करवतीचा प्रत्येक दात म्हणजे एक बारीकशी पटाशीच. आधी सपाट कानस फिरवून सगळे दात एका उंचीला आणायचे. मग एकाआड एक दात डावीकडे आणि उजवीकडे किंचित झुकवायचा, नाहीतर पातं लाकडात रुतून बसतं. आणि मग तिकोनी कानशीनं एकेक दात घासायचा. हातकरवतीला दीडशेच्या वर दात असतात, आणि पहिल्याला दिलेली मायाच शेवटच्यालाही द्यावी लागते. हे करताना पातं हलू नये म्हणून ते दोन जाड फळ्यांच्या जबड्यात उभं पकडतात. त्याला आम्ही शिकंजा म्हणतो. एका बाजूचे दात केसभर जरी लांब राहिले तरी करवत त्या बाजूला ओढते. रेघ एकीकडे, करवत दुसरीकडे. अशी करवत सुताराच्या हातात गेली की तो आधी लाकडाला शिव्या देतो, मग करवतीला, आणि शेवटी मला.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची आली. मिरजेहून तंबोरे करणारे एक कारागीर यायचे. भोपळा कापायची त्यांची करवत इतकी पातळ की वाऱ्यानं थरथरावी. धार लावून दिली की ते ती नखानं वाजवून, कानाशी धरून ऐकायचे आणि मान हलवून म्हणायचे, "अजून जरा रागात आहे ही." मी पुन्हा हात फिरवायचो. एकदा एका इस्पितळाचा शिपाई कागदात गुंडाळून एक छोटी करवत घेऊन आला. कशासाठी हे त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. इतक्या जपून मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच करवतीचे दात घासले नाहीत. त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला.

आता जुन्या हत्यारांचं. सत्तर सालानंतर बाजारात ज्या नव्या कानशी येऊ लागल्या त्या दोन करवतींत बोथट व्हायच्या. दात झुकवायच्या नव्या पकडी तर हातातच वाकायच्या. मग मला जुन्या वस्तूंच्या दुकानांचा नाद लागला. आमच्या धंद्यात अमावास्येला हत्याराला हात लावत नाहीत. तो दिवस मोकळा. बायकोला वाटायचं नवरा घरी बसेल, पण मी सकाळच्या गाडीनं कधी कराड, कधी सातारा गाठायचो. तिथली जुन्या मालाची दुकानं म्हणजे पुढं समया, घड्याळं, ग्रामोफोनचे कर्णे, आणि पार मागं, काळोखात, गंजक्या लोखंडाची एक पेटी. मी थेट पेटीपाशी जाऊन उकिडवा बसायचो.

साताऱ्यात हसनचाचांचं असंच एक दुकान होतं. मी दिसलो की ते लांबूनच हाक मारायचे, "या या, दातवाले!" मुंबई-पुण्याची माणसं तेव्हा त्यांच्याकडे यायला लागली होती आणि फुटकी समईसुद्धा 'अँटिक' म्हणून नेत होती. चाचा म्हणायचे, "ह्यो शब्द आला आन माझ्या भंगाराला अक्कल फुटली बगा. काल इचारलं तर एक भाव, आज इचारलं तर दुसराच."

एकदा त्यांनी एक पक्कड माझ्यापुढं धरली. "पुण्याच्या एका दाताच्या डाक्टरला दावली, दात उपटायची म्हणून. त्यो हसाय लागला. तुमीच सांगा, कशाची हाय?"

करवतीचे दात झुकवायची ती अस्सल जुनी पक्कड होती. तशी मी तीन वर्षं शोधत होतो. मी तोंड कोरं ठेवून म्हणालो, "खिळे उपसायची असेल." आणि खिळ्यांच्या पकडीच्या भावानं घेऊन आलो. ही लबाडी मी तेव्हा हुशारी समजत होतो.

त्यांच्याकडेच एका मार्गशीर्षातल्या अमावास्येला मला एक पेटी मिळाली. पोत्यात गुंडाळलेली सागवानी पेटी. आत दोन पकडी, झिजलेल्या पण जातिवंत कानशी, आणि शिसवीचा एक शिकंजा, तळहाताच्या घामानं काळा कुळकुळीत झालेला. इतकं पुरं सामान एका जागी मी कधी पाहिलं नव्हतं.

"कुणाचं हो?" मी विचारलं.

"रहिमतपूरकडची एक बाई टाकून गेली. म्हातारा आंधळा झालाय म्हणाली."

मला म्हाताऱ्याची कीव आली. पण पेटी उचलताना हात अडखळला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

घरी येऊन शिकंज्याला गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, लावला तर जबड्याचा वरचा काठ सपाट नव्हता. उजव्या अंगाला पाव सूत, म्हणजे नखाच्या जाडीएवढा, उतार. मी मनाशी म्हटलं, डोळे गेल्यावर बिचाऱ्याला कळलं नसणार, घासून घासून झिजलंय. रंधा घेतला आणि दोन्ही जबडे गुण्याला तंतोतंत सरळ केले. मग जवसाचं तेल चोळलं. तो शिकंजा मी दुकानात दर्शनी ठेवला आणि येईल त्याला दाखवत राहिलो. मोडकं सरळ करायला मला फार आवडतं. त्यात माझी फुशारकी असते.

संक्रांत झाल्यावर पंधरा दिवसांनी एक बाई दुकानासमोर येऊन उभी राहिली. तिशी-पस्तिशीची, पायाला धूळ, हातात पिशवी. शिकंजा दिसताच ती तोंडाला पदर लावून खालीच बसली. मी पाणी दिलं. मग तिनं सांगितलं. तिचं नाव हौसा. पेटी तिच्या सासऱ्याची, दौलू सुतारांची. रहिमतपूरजवळच्या त्यांच्या गावात सगळे त्यांना नाना म्हणायचे. काचबिंदूनं त्यांची नजर जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी सुतारआळीतल्या सगळ्या करवती तेच लावायचे, नुसत्या बोटांवर. दिवाळीच्या आधी कानस निसटली आणि तळवा फाटला.

"माजं मालक फौजेत हाइत," हौसा म्हणाली. "त्यास्नी पत्रानं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, म्हाताऱ्याचं काम बंद कर. आता मी कसं बंद करू? माजं ऐकत्यात व्हय? मामंजी लेकीकडं कराडला ग्येलं हुतं, तवा पेटी उचलली आन साताऱ्याला टाकून आली. परत आल्याव रागं भरत्याल, शिव्या देत्याल, असं वाटलं हुतं. पर न्हाई हो भाऊ. कायच बोललं न्हाईत. दारात बसत्यात आन बोटं चोळत्यात. अर्धी भाकर खात्यात. ह्ये असलं बगवत न्हाई. साताऱ्याचं चाचा म्हणालं, सांगलीच्या दातवाल्यानं न्येली."

मी पेटी काढून तिच्यापुढं ठेवली. काही नको म्हणून सांगितलं. ती पाया पडायला लागली, मी मागं सरलो. मला स्वतःविषयी फार बरं वाटत होतं.

शिकंज्यावरून हात फिरवत ती म्हणाली, "कसा चकचकीत केलाय! मामंजींचा ह्येच्याव लय जीव. तरणं असताना ओंडका अंगाव आला आन मनगाट मोडलं. हात वाकडाच बसला. सांगत्यात सगळ्यास्नी, माजा हात वाकडा, म्हून शिकंजा बी वाकडा केलाय, म्हून करवत सरळ जाती."

ती हसली.

नाना आंधळेपणी कसं काम करत असतील ते मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. कानशीची मागची बाजू ते जबड्याच्या काठावर टेकवत असणार. मनगट उजवीकडे कलतं, तेवढाच काठ कलता ठेवलेला, म्हणजे दोन्ही बाजूंचे दात सारखे घासले जातील. तो उतार झिजेचा नव्हता. डोळस असताना त्यांनी तो हिशेबानं पाडला होता, आणि मी तो रंध्याखाली काढून टाकला होता.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. थांबा ताई, माझ्याकडून यात चूक झाली आहे, नानांना एवढं सांगा. पण ती आत्ताच माझ्या पाया पडायला वाकली होती. इतकी वर्षं धार लावणाऱ्या कारागिरानं जुनं हत्यार न ओळखता बिघडवलं, हे त्या तोंडासमोर कबूल करणं मला जमलं नाही. मी म्हणालो, "सांभाळून न्या." ती डोक्यावर पेटी घेऊन स्टेशनच्या रस्त्याला लागली.

मनाची समजूत घातली, की म्हातारा कारागीर आहे, त्याला हाताला कळेल.

चैत्रात वखारीत लाकूड घ्यायला आलेला एक सुतार दुकानात शिरला. गणपा त्याचं नाव. गाव विचारलं तर नानांचंच. त्यानं करवत बाकावर टाकली. "मिस्त्री, हिला बगा जरा. रेघंवर ऱ्हाईना. उजवीकडं पळती."

मी पातं उजेडात धरलं. उजव्या बाजूचे सगळे दात डाव्यांपेक्षा लांब होते. सगळे, अगदी सारख्या मापानं. चुकतमाकत लावलेली करवत अशी नसते. अत्यंत शिस्तीच्या हातानं, एकच चूक, दातागणिक केलेली होती.

"कुणी लावली?"

"आमचं दौलूनाना. ग्येलं आता त्यांचं काम. आदी आंधळं असून असं लावायचं की डोळंवाल्यानं लाजावं. पेटी हरवली, परत मिळाली, पर हात काय परत आला न्हाई. तीन-तीन डाव घासून देत्यात, तरी त्येच. आता सोताच म्हणत्यात, गणपा, हात मेला रं माजा. दुसरीकडं लावून आण." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "पर तुमी त्यास्नी कधी भेटला तर म्हणू नगा हं, मी इथं आल्तो म्हून. तोंडानं म्हणत्यात खरं, पर जिवाला लागंल."

मी करवत लावून दिली. पंधरा दिवसांनी गणपा आणखी तीन करवती घेऊन आला. आळीतल्या बाकीच्यांच्या. "लय झ्याक चालली," तो म्हणाला. मी त्याही ठेवून घेतल्या. माझ्यामुळे नानांचं काम सुटलं होतं आणि तेच काम चालत माझ्या बाकावर आलं होतं. मी ते परत पाठवलं नाही.

चैत्राची अमावास्या आली, मी कराडला गेलो. वैशाखाची आली, पुन्हा कराडला. ज्येष्ठात घरीच बसलो. रहिमतपूरचं तिकीट काढायला पाय वळेना. पेट्या धुंडाळायचा नादही उरला नव्हता. जुनं हत्यार हातात घेतलं की कुणाचं असेल, का असं केलं असेल, हेच डोक्यात यायचं.

बायकोनं एका दुपारी विचारलं, "तुमाला झालंय तरी काय?" मी सगळं सांगितलं. तिनं निवडायला घेतलेलं ताट बाजूला ठेवलं. "एक दात वर राहिला तर गिऱ्हाइकाला रस्त्यातनं परत बोलावता तुमी. मी बघितलंय. तिथं पळत जाता. आणि इथं चार महिने बसून हायसा?" एवढंच बोलून ती ताट घेऊन आत गेली.

आषाढातल्या अमावास्येला मी रहिमतपूरला उतरलो. तिथून पुढं चिखलातून चालत गाव गाठलं. नाना दारातच बसले होते. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ, अंगात धुतलेली बंडी. उजवं मनगट खरंच कोयत्यासारखं वळलेलं. हौसानं मला ओळखलं आणि हरखून ओरडली, "मामंजी, सांगलीचं भाऊ आल्यात! पेटी दिल्याली ती!"

"या, या. बसा. हौसा, च्या टाक." नानांनी आवाजाच्या दिशेनं हात जोडले. "तुमी लय मोठं काम क्येलंत. पर माज्या हाताचंच दिवस सरलं, त्याला तुमी काय करनार?"

चहा यायच्या आत बोललो नसतो तर तो पिऊन परत आलो असतो, हे मला माहीत होतं. म्हणून उभ्यानंच सांगितलं. शिकंजा वाकडा होता, तो मी झिजलेला समजलो, रंधा मारून सरळ केला. आणि हौसाताई न्यायला आल्या तेव्हा मला कळलं होतं, तरी बोललो नाही.

आतून भांड्याचा आवाज थांबला.

नानांनी तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं. मग त्यांनी विचारलं, "किती मारलास?"

"पाव सूत."

"उजव्या अंगाला उतार हुता, त्यो काढलास?"

"डावा काठ खाली आणून दोन्ही एक केले."

त्यांचा वाकडा हात हवेत उठला. नसलेली कानस धरून तो मागं-पुढं झाला. एकदा, दोनदा, दहा वेळा. ओठ हलत होते. "मी चाचपला हुता," ते स्वतःशीच म्हणाले. "गुळगुळीत लागला. म्हटलं सुनंनं त्याल लावलंय. उतार बगायचं ध्येनातच न्हाई. कशाला बगीन? माजाच शिकंजा." हात थांबला. "म्हंजे हात माजा ठीक हुता."

"हो नाना."

"सा म्हयनं मी त्याला मेला म्हनतोय."

हौसा बाहेर आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कापरा नव्हता. "तवाच का न्हाई बोललात, भाऊ? तितंच! मी येऊन सांगितलं असतं त्यास्नी. मी पेटी इकली म्हून ह्यांचा हात ग्येला, असं रोज वाटायचं मला. रोज. चूल प्येटवताना बी."

हिच्यावरही तेच ओझं असेल, असा विचार या सहा महिन्यांत माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

मी पिशवीतून रंधा आणि गुण्या काढला. "नाना, उद्या सकाळी उतार पुन्हा पाडून देतो. तुम्ही सांगाल तसा. रात्री कुठंही पडून राहीन."

"त्ये मग बगू." नाना भिंतीला धरून उठले आणि माझा खांदा चाचपून त्यावर हात ठेवला. पंजा अजून लोखंडासारखा होता. "आदी आळीत चल."

"आळीत?"

"मला सांगितलंस, ब्येस क्येलंस. पर मला सांगून काय उपेग? ज्येनी ज्येनी माजी करवत परत आणली, त्येंच्या दारात जाऊन सांग. मी हाय संगट."

सुतारआळीत चार घरं. अमावास्या असल्यामुळे सगळे घरीच होते, कुणी ओट्यावर तंबाखू मळत, कुणी पोराला खेळवत. नानांचा हात खांद्यावर घेऊन मी दारोदार फिरलो. पहिल्या दारात मी पुटपुटल्यासारखं बोललो. नानांनी खांदा दाबला, "मोठ्यानं बोल. त्येचा बा बहिरा हाय." दुसऱ्या दारातला म्हातारा सगळं ऐकून म्हणाला, "पाव सुतासाठी एवडं?" त्यावर नाना कडाडले, "पाव सूत म्हंजे तुला खेळ वाटला व्हय रं?" तिसऱ्या दारातल्या माणसानं नुसतं नानांचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. प्रत्येक दारात मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मधलं काही गाळायला लागलो की नाना म्हणायचे, "आन तुला कळल्याव काय क्येलंस, त्ये सांग."

शेवटचं घर गणपाचं. मला नानांबरोबर बघून त्याचा चेहरा उतरला. आपली सांगलीची वारी उघडी पडली असं त्याला वाटलं असावं. मी सांगायला लागलो तसतसा तो कमरेवर हात ठेवून ऐकत राहिला.

"आरं तिच्या!" तो म्हणाला. "म्हंजे तुमीच बिगडवायचं, आन तुमीच दुरुस्त करायचं? ब्येस धंदा हाय की मिस्त्री!"

आळीतली माणसं मागोमाग आली होती, ती हसली. मी मान खाली घातली. नाना मात्र हसले नाहीत. ते गणपाच्या आवाजाकडे तोंड करून ताठ उभे होते, काहीतरी ऐकायची वाट बघत असल्यासारखे. गणपानं त्यांच्याकडे पाहिलं, मग आत भिंतीवर टांगलेल्या करवतींकडे.

"नाना," तो म्हणाला, "मोठीचं दात लय ग्येल्यात. आज आवस हाय, हात लावत न्हाई. उद्या सकाळच्यानं पोच करतो. पर सांजच्याला पायजे हं मला. शाळंच्या दरवाजाचं काम हाय."

"उद्या न्हाई जमायचं," नाना म्हणाले. खांद्यावरची त्यांची पकड सैल झाली होती, पण हात तिथंच होता. "उद्या ह्यो आन मी शिकंजा वाकडा करनार हाय. परवा आण."